म्हैस का मेली?

१९८६ सालच्या श्रावणातली गोष्ट. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यात मी बँकेच्या शाखेत शेतीकर्जाचे काम पाहत होतो. वय सव्वीस, नोकरीला चार वर्षे झालेली. सकाळी शाखा उघडून कॅशियरने पिंजऱ्याचे दार लावले न लावले तोच एक बाई थेट माझ्या टेबलापाशी आली. काखेत फडक्याचे गाठोडे. ते तिने टेबलावर, लेजरच्या शेजारी ठेवले आणि गाठ सोडली.

आत म्हशीचा कान होता. मीठ लावून वाळवलेला. कानात पितळी बिल्ला आणि बिल्ल्यावर नंबर.

शहरातल्या वाचकाला हे भयंकर वाटेल, पण आमच्या धंद्यात ती रोजची गोष्ट होती. कर्जाच्या जनावराचा विमा उतरवताना त्याच्या कानात बिल्ला ठोकत. जनावर मेले की बिल्ला दाखवल्याशिवाय दावा मंजूर होत नसे, म्हणून लोक बिल्ल्यासकट कान कापून आणत. मी फायल काढली, नंबर ताडून पाहिला. बरोबर होता. पंचनामा होता, सरपंचाचा दाखला होता, पशुवैद्यकीय डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखलाही होता. त्यावर सही आणि गोल शिक्का आहे ना, एवढे मी पाहिले.

"मावशी, कागद पूर्ण आहेत. काळजी करू नका," मी म्हटले.

ती उठली नाही. म्हणाली, "साहेब, पैशाचं होईल तवा होईल. पर म्हस कशानं मेली, ते ह्या कागदात कुठं लिवलंय का?"

मी म्हटले, "ते डॉक्टरांचं काम." आणि पुढच्या माणसाला बोलावले.

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या हातातच होते. दाखल्याच्या खालच्या ओळीत डॉक्टरांनी इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात, मृत्यूचे संभाव्य कारण लिहिले होते: कोवळ्या ज्वारीची विषबाधा. मी ते वाचले नाही. वाचण्याचे मला कारणच नव्हते, कारण दाव्याच्या मंजुरीशी त्याचा संबंध सही-शिक्क्यापुरता. फायल कपाटात गेली. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याच वस्तीवर आणखी दोन जनावरे एका संध्याकाळी मेली. दोन्ही आमच्याच कर्जाची. तेव्हा मी जुनी फायल काढून ती ओळ पहिल्यांदा वाचली. अकरा महिने ती माझ्या कपाटात होती.

नोकरीत माझ्या हातून चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक मी विसरलो आहे. ही विसरलो नाही.

दूध मोजले, चारा मोजला नाही

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम हे त्या योजनेचे पूर्ण नाव. गावात ते कुणी उच्चारत नसे. लोक 'सबसिडीची म्हैस' म्हणत. २ ऑक्टोबर १९८० पासून हा कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला आणि एप्रिल १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाला. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला उत्पन्नाचे साधन द्यायचे, त्यातला काही भाग सरकारी अनुदान, बाकी बँकेचे कर्ज. अल्पभूधारकाला पंचवीस टक्के, अत्यल्पभूधारक आणि शेतमजुराला एक तृतीयांश, आदिवासीला पन्नास टक्के अनुदान. कल्पना वाईट नव्हती. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला जनावर द्यावे, हा विचार तर चांगलाच होता.

पण आम्ही जनावर दिले म्हणजे काय केले? बाजारात खरेदी समितीने म्हैस पसंत केली, फोटो काढला, बिल्ला ठोकला, पैसे विकणाऱ्याच्या हातात दिले. मार्चअखेर लक्ष्यांक पुरा झाला. आमच्या शाखेचा लक्ष्यांक सलग दोन वर्षे पुरा झाला म्हणून मला शाबासकीचे पत्रही आले होते. ते मी बरीच वर्षे जपून ठेवले होते.

कर्जाच्या अर्जात एक रकाना होता: चाऱ्याची उपलब्धता. त्यात मी 'पुरेशी' असे लिहीत असे. शेकडो अर्जांवर मी तो शब्द लिहिला असेल. एकदाही गोठ्यात जाऊन गंजी पाहिली नाही.

हिशेब तसा अवघड नाही. चारशे किलो वजनाच्या दुभत्या जनावराला दिवसाला वजनाच्या सुमारे तीन टक्के, म्हणजे बारा किलो कोरडे अन्न लागते. कोरडे म्हणजे पाणी वजा जाता. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते. तेव्हा वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कडबा आणि दुधाच्या मानाने पेंड-भुसा, असे काहीसे गणित बसते. शिवाय पाणी. एक लिटर दूध तयार व्हायला जनावराच्या पोटात चार-पाच लिटर पाणी जावे लागते. आमचे गणित दुसरे होते: लिटर गुणिले भाव गुणिले दिवस. त्यातून हप्ता वजा केला की बाई सुखी. दुधाची बाजू आम्ही पै-पैने मोजली आणि ज्यातून दूध येते ती बाजू एका शब्दात उरकली.

जमीन नसलेल्या बाईने पंचवीस किलो हिरवा चारा आणावा कुठून? बांधावरून, गायरानातून, आणि कुणी दिला तर कुणाच्या शेतातून.

मावशीच्या बाबतीत तेच झाले होते. त्या साली पावसाने ओढ दिली. शेजारच्या शेतकऱ्याचे कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, गुडघ्याएवढे होऊन खुंटले. एक सर आली, तशी त्याला नवी फूट फुटली. शेतकरी म्हणाला, हे काही आता वाढत नाही, घेऊन जा कापून. मावशीला वाटले, देव पावला. भारा आणला, म्हशीपुढे टाकला. दिवेलागणीला म्हैस थरथरायला लागली, तोंडाला फेस आला, आडवी पडली. तासाभरात खेळ आटोपला.

कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या आणि नंतर फुटलेल्या कोंबांत, एक द्रव्य असते. जनावराच्या पोटात त्यापासून सायनाइडच्या जातीचे विष सुटते. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते. वेळेवर डॉक्टर आले तर इंजेक्शन आहे, पण वेळच फार थोडी असते. खरा उपाय आधीचा: कडवळ निम्मे फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नये. नीट वाळवून कडबा केला किंवा मुरघास केला तर धोका बराच कमी होतो. सांगायला एक मिनीट लागते. ते एक मिनीट मी दिले नव्हते.

मांडवातले ज्ञान

दुसऱ्या वर्षी ती ओळ वाचल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. थकलेले, भला माणूस. अनेक गावे त्यांच्या एकट्याच्या गळ्यात. ते म्हणाले, "अहो, मी लिहिलं होतं की." त्यांचेही बरोबर होते. त्यांनी लिहिले, मी फायलीला लावले, विमा कंपनीने पैसे दिले. प्रत्येकाने आपले काम केले होते.

आम्ही दोघे त्यांच्या मोटारसायकलवरून वस्तीवर गेलो. चावडीत नाही, मांडव नाही, थेट मावशीच्या अंगणात. बायका जमल्या. डॉक्टरांनी कडवळाचे दोन ताट उपटून आणले, एक गुडघ्याएवढे, एक फुलोऱ्यातले. हे घालायचे नाही, हे घालायचे. झाले व्याख्यान. मावशी गप्प बसून ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "आता सांगितलंत."

कडेला एक म्हातारे आबा तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "ह्यात नवं काय हाय? आमच्या बापाच्या वक्तापासनं ठावं हाय."

मी विचारले, "मग आबा, तुम्ही हिला सांगितलं का नाही?"

"मला कुनी इचारलं? म्हस बँकेची, बिल्ला बँकेचा. आम्हाला वाटलं, बँकेनं समदं सांगितलं असंल."

माझ्या आयुष्यातले शेतीविस्ताराचे सगळ्यात मोठे शिक्षण मला त्या वाक्याने दिले. गावात जे ज्ञान होते ते आमच्या योजनेत नव्हते, आणि योजनेत जे होते ते मावशीपर्यंत पोचत नव्हते. मावशीच्या घरात पिढ्यान्पिढ्या म्हैस नव्हती. तिला ज्वारीचे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्यांना ठाऊक होते ते आता गप्प बसत, कारण साहेब आले होते.

आणि आम्ही साहेब मेळावे घेत होतो. पशुपालक मेळावा म्हणजे मांडव, हार, नारळ, प्रमुख पाहुणे. पाहुण्यांना उशीर झालेला. मग 'संतुलित पशुआहाराचे महत्त्व' या विषयावर भाषण. पुढे सतरंजीवर पुरुष. बायका आल्या तर मागे, भिंतीच्या कडेला, निम्मे लक्ष घरच्या धारेच्या वेळेकडे. खरे तर शेण काढणे, वैरण कापणे, पाणी पाजणे, धार काढणे, वासराला सोडणे हे सारे त्यांच्याच हातचे. म्हणजे काम करणारीला ऐकू येत नव्हते आणि ऐकणारा गोठ्यात जात नव्हता. वर भाषेचा प्रश्न. 'कासदाह' म्हणून सांगितले तर कळत नसे. 'सड सुजून दुधात गाठी येतात ते' म्हटले की दहा जणींचे हात वर होत.

याला अपवाद होते. मणिभाई देसाई हे मूळचे गांधीजींच्या उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमातले कार्यकर्ते. त्यांनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था काढली आणि संकरित गायींसाठी कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारात नेली. गाय घेऊन दवाखान्यात या, असे न म्हणता नायट्रोजनचे भांडे घेऊन माणूसच वस्तीवर जाऊ लागला. मी अशा माणसांना काम करताना पाहिले आहे. त्यांची पाच मिनिटांची बोलणी आमच्या तीन तासांच्या मेळाव्यापेक्षा जास्त शिकवत, कारण ती त्याच गायीपुढे, त्याच बाईशी होत. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसली तर सकाळी. एकवीस दिवसांनी पुन्हा नजर ठेवा. गरज असते त्या दिवशी सांगितलेली गोष्ट माणूस विसरत नाही.

डोंगर बंद झाला तेव्हा

जनावराचा प्रश्न शेवटी गवतापाशी येतो, आणि गवताचा प्रश्न गायरानापाशी.

आमच्या लहानपणी गायरान, कुरण, डोंगर हे शब्द वेगवेगळे होते. गायरान सगळ्यांचे. कुरण राखलेले. राखणे याचा अर्थ ठरावीक काळ कुणी जनावर घालायचे नाही. पुढे राखण गेली, कुरणे गेली, गायरानांवर अतिक्रमणे झाली. जे उरले तिथे सगळ्यांची जनावरे वर्षभर. पवना, मारवेल यांसारखी चवीची गवते आधी संपली. जनावर चवीचे आधी खाते. उरले कुसळी आणि तरवड-तरोट्यासारखे जनावर तोंड न लावणारे. कुसळी कोवळी असेतो जनावर खाते, कुसळ धरले की तीच त्याच्या तोंडात आणि मेंढीच्या कातड्यात रुतते.

गवत का मरते, हे समजायला मला फार वर्षे लागली. गवत पानात अन्न तयार करते आणि त्यावर मुळे पोसते. पान निम्म्यापर्यंत खाल्ले तर मुळाला फारसे कळत नाही. त्याहून खाली ओरबाडले की मुळांची वाढ थांबते. पुन्हा पान फुटायच्या आत पुन्हा ओरबाडले की मूळ आखडते, आणि माती सुटते. पहिल्या पावसानंतरचे पाच-सहा आठवडे सगळ्यांत नाजूक. आणि नेमके तेव्हाच उन्हाळाभर उपाशी राहिलेली जनावरे डोंगरावर तुटून पडतात.

म्हणून चराईबंदी. राळेगणसिद्धीने ती केली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर हिवरे बाजारने केली. कुऱ्हाडबंदीसोबत चराईबंदी, आणि गवत कापून नेण्याची मुभा. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या त्या गावात डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आले, गोठ्यात दुभती जनावरे आली, दूध वाढले. हे सारे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात तंत्र फार साधे: जनावर गवताकडे न्यायचे नाही, गवत जनावराकडे आणायचे. बी पडू द्यायचे, मग विळा लावायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी दुसऱ्या एका शाखेत होतो. तिथल्या एका पाणलोटाच्या गावात चराईबंदीचा ठराव होता. ग्रामसभेला बँकेचा माणूस म्हणून मी खुर्चीवर. ठराव मंजूर झाला, टाळ्या झाल्या. त्या गावात संकरित गायींची कर्जे मीच पुढे मंजूर केली. सभा संपल्यावर पाराच्या बाहेर एक धनगर आबा उभे होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मला म्हणाले, "सायेब, पाच वर्सं डोंगर बंद करताय, बराबर हाय. डोंगर वाचला पायजे. पर पाच वर्सं माझ्या मेंढरानं काय खावं, ते सभेत कुनी बोललं न्हाई."

मी काही बोललो नाही. कारण माझ्याकडे रकाना नव्हता.

या माणसांचे वर्ष आपल्याहून वेगळे चालते. दिवाळीनंतर वाडा निघतो. कुणी कोकणात उतरतो, कुणी बागायती पट्ट्यात. रिकाम्या शेतात मेंढरे बसवतात, त्या लेंडीखतासाठी शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पावसाळ्यात कोकणातली चिखल-ओल मेंढीला सोसत नाही, म्हणून ते माळावर परततात. म्हणजे ज्या चार महिन्यांत डोंगर बंद ठेवणे गवताला सर्वांत गरजेचे, त्याच चार महिन्यांत त्यांना डोंगर सर्वांत गरजेचा. ही गाठ सुटण्यासारखी नव्हती असे नाही. डोंगराचे तीन पट्टे पाडून आळीपाळीने एक उघडा ठेवता आला असता. पण त्यासाठी आबांना सभेत आत बोलवावे लागले असते. दोन वर्षांनी त्यांनी कळप मोडल्याचे मला कळले.

जाता जाता त्या दिवशी आबा म्हणाले होते, "मेंढरू एका जागी थांबलं की गवत मरतं. मेंढरू चालतं राहिलं की गवत ऱ्हातं." मला ते अडाणी माणसाचे समर्थन वाटले. बऱ्याच वर्षांनी आंद्रे व्वाझँ या फ्रेंच संशोधक-शेतकऱ्याबद्दल वाचले. स्वतःच्या गायी कुरणात चरताना पाहून त्याने १९५७ मध्ये पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की कुरण बिघडते ते केवळ जनावरांच्या संख्येने नव्हे, तर वेळेने. जनावर किती दिवस तिथे राहिले आणि गवताला पुन्हा उभे राहायला किती दिवस मिळाले, हा खरा हिशेब. वाचताना मला पाराबाहेरचे आबा दिसले. दोघांचे म्हणणे एकच होते. एकाचे मी पुस्तकात वाचले म्हणून मला पटले.

भिंतीवरचे कॅलेंडर

निवृत्त झाल्यावर जुन्या गावांना जायची सवय मला लागली आहे. घरचे म्हणतात, कादंबरीचे सामान गोळा करायला जातात. तसे असेलही. २०२३ च्या जानेवारीत मी त्या पहिल्या वस्तीवर गेलो. मावशी जाऊन काही वर्षे झाली होती. सुनेने ओळखले नाही, पण "बँकेतले कानाचे साहेब" म्हटल्यावर ओळखले. माझी ओळख त्या घरात अशी टिकून आहे.

गोठ्याच्या जागी आता कुंपण घातलेली मोकळी जागा होती. चार गायी, दोन म्हशी, एकही बांधलेली नाही. याला मुक्तसंचार गोठा म्हणतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रात तो पसरला, आणि तो पसरला मुख्यतः एका शेतकऱ्याने दुसऱ्याचा पाहून. जनावर हवे तेव्हा पाणी पिते, हवे तेव्हा सावलीत बसते. शेण रोज काढावे लागत नाही, म्हणजे बाईच्या पाठीवरचे ओझे कमी होते. माजावरची गाय लगेच दिसते. कोपऱ्यात मुरघासाच्या पिशव्या. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवा काढून दाबून भरलेला. दीड-दोन महिन्यांत तयार होतो आणि उन्हाळ्यात उपयोगी पडतो.

धार काढून झाल्यावर तिने गायींपुढे लगेच वैरण टाकली. मी विचारले, आत्ता का? म्हणाली, "काका, धार काढली की सडाचं तोंड अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात गाय खाली बसली की घाण आत जाते आन् सड सुजतो. खायला घातलं की ती उभी राहते." हे तिला कुणी सांगितले? बचत गटातल्या पशुसखीने. ही पशुसखी म्हणजे गावातलीच, थोडे प्रशिक्षण घेतलेली बाई. लस, जंताचे औषध, वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक, आटवण्याचे साठ दिवस, या गोष्टी ती धार काढता काढता सांगते. तिला मांडव लागत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेतही गावातल्याच माणसाला शिकवून घरोघर पाठवण्याची हीच रीत होती. घरात आहे त्या चाऱ्यातून कमी खर्चात जनावराचा आहार कसा बसवायचा, हे तो सांगत असे.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय होते. एकादशी, संकष्टी यांच्या शेजारी तारखांना पेनाने गोल. लाल गोल माजाचा, निळा भरवल्याचा, त्यापुढे एकवीस दिवसांवर प्रश्नचिन्ह. आम्ही शाखेत जाड लेजरात जे कधी लिहिले नाही, ते त्या बाईने भिंतीवर लिहिले होते.

मला वाटले, आता लिहावे की ज्ञान आले आणि दारिद्र्य गेले. पण वहीतला हिशेब तिने पुढे केला तेव्हा तसे लिहिणे खरे ठरले नसते. पेंडेचा भाव वर जातो, दुधाचा खाली येतो. पुढे २०२४ मध्ये दूध इतके पडले की राज्य सरकारला गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. त्याआधी २०२२ मध्ये लम्पी आली, तिची एक कालवड गेली. चांगला गोठा राखला म्हणून भाव मिळतोच असे नाही. पण ती म्हणाली ते मी लिहून घेतले: "भाव माझ्या हातात न्हाई, काका. पर जनावर कशानं आजारी पडतंय, ते कळतंय. आधी तेबी कळत नव्हतं."

देशात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे ५३ कोटींहून अधिक जनावरे आहेत आणि चाऱ्याच्या पिकाखाली लागवडीच्या जमिनीपैकी सुमारे चार टक्के. या दोन आकड्यांतले अंतर कोणतीही एक योजना भरून काढणार नाही. ते अंतर रोज पहाटे विळा घेऊन निघणारी बाई आणि काठी घेऊन निघणारा धनगर भरून काढतात. त्यांना शिकवावे, जरूर शिकवावे. गोठ्यात जाऊन, त्यांच्या वेळेला, त्यांच्या शब्दांत. पण आधी त्यांना विचारावे. मी नोकरीची पहिली वर्षे उलट क्रमाने काढली.

निघताना कडब्याच्या गंजीजवळ पत्र्याच्या शेडचा खांब दिसला. त्यावर रंगाने, पोराच्या हस्ताक्षरात लिहिलेले होते: 'कडवळ फुलल्याबिगर कापायचे नाही.' सून म्हणाली, "आत्याबाईंनी नातवाकडून लिवून घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पर कुनी नवीन मानूस वैरण आणाय निघालं की त्या त्याला आधी खांबापाशी उभं करायच्या."

गायींच्या कानांत आता पिवळे बिल्ले आहेत, बारा आकडी. एका गायीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी सवयीने तिचा नंबर वाचायला लागलो, आणि मग थांबून सुनेला विचारले, "ही काय खाते?"